दर्याकांठच्या दरबारीं पडदा सुटला, त्याची हकीकत

श्री. जो चराचर पाहतो आणि ज्यास पाहण्याची मनाई कोणी करूं शकत नाहीं, त्या ईश्वरास नमस्कार करून लिहितों. शके १६४८, पराभव नाम संवत्सरीं, भाद्रपदमासीं एका राज्यांत वर्तमान ऐसें जाहलें कीं, दर्या आपली हद्द सोडून पुढें येऊं लागला. खालच्या पेठेच्या विहिरी खारट जाहल्या, आणि माड उभे वाळले, आणि मग पेठेच्या बायका गडावर राणी उमाऊसाहेब यांजकडे येऊन म्हणाल्या, "आईसाहेब, उधाण आलं तर पोरांना घेऊन आमी जावं कुठं? गडाचा दरवाजा उघडा करा." उमाऊसाहेबांनीं विहिरीचें पाणी जिभेवर घेतलें आणि तें खारट लागलें. परंतु महाराजांचे हुकमावांचून दरवाजा उघडेना. आणि राणीनें दरबारीं बोलावें तें चिकाचे, म्हणजे बांबूच्या काड्यांचे, पडद्याआडून, तेंही दरबारचे त्र्यंबकशास्त्री यांचे मुखें. त्या बोलिल्या, "दर्या चढतो, पेठ वर घ्या." शास्त्रीबुवांनीं तें गाळून सांगितलें, "राणीसाहेबांचें मन हळवें आहे, महाराज. दर्या चढतांना पाहिलें कोणीं? बायकांनीं. बायकांचें भय म्हणजे कांहीं पुरावा नव्हे." दरबारानें वाहवा केली. उमाऊसाहेब पडद्याआड जळाल्या. पुरुष भ्याला तर दूरदर्शी आणि बाई भ्याली तर भित्री, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला, हें त्यांस कळेना.

पुढें अमावास्येस दर्याकांठच्या वाळूवर दर्यापूजेचा दरबार भरला. सिंहासन मांडावें तें महाराजांचे आजोबांनीं मांडिलें त्याच जागीं, ही रीत. मधल्या काळांत दर्या पुढें आला, पण रीत जागची हलली नाहीं. आणि महाराजांपुढें मान ताठ ठेवावी, आपले पायांकडे पाहणें हा अपमान, हीही रीत. सकाळीं वाळू कोरडी होती. मग भरती लागली आणि पाणी सरदारांचे घोट्यास आलें, आणि कोणी खालीं पाहीना. शास्त्रीबुवा बोलतच होते, "दर्या चढत नाहीं." पाणी पोटरीस लागलें तेव्हां म्हणाले, "चढतो, परंतु वाडवडिलांचे वेळींही चढत असे." गुडघा भिजला तेव्हां म्हणाले, "चढला तरी बरेंच, मीठ पिकेल." धन्य ती जीभ! मागें पेठेच्या बायका लेकरें कडेवर घेऊन उभ्या होत्या. राणीचें मुख दरबारीं दिसलें तर राणीपद जावें, आणि तसें घडतां पुरुषमात्रानें नजर तत्काळ खालीं घालावी, ऐसा नेम होता. उमाऊसाहेबांस दोन्ही ठाऊक. त्यांनीं एकवार पेठेकडे पाहिलें आणि आपले हातें पडदा ओढून पाण्यांत टाकिला.

सर्वांनीं माना खालीं घातल्या, आणि गुडघाभर पाणी सर्वांचे दृष्टीस पडलें. आणि लग्न होऊन आल्यापासून चिकाच्या काड्यांवांचून उमाऊसाहेबांनीं दर्या प्रथमच पाहिला. केवढा तो! आभाळास टेकलेला, फुगलेला, कोणाचे हुकमाची वाट न पाहणारा. त्यांचे डोळे भरून आले, हात आपोआप जोडले गेले, आणि ह्यापुढें राजा काय नि शास्त्री काय, ऐसें वाटून भयही गोड जाहलें. मग स्वमुखें बोलिल्या, "महाराज, दरवाजा उघडा." महाराजांनीं मान वर न करितां हुकूम दिला. पेठ गडावर चढली, आणि दोन प्रहरीं लाट आली ती घरें, देऊळ, माड, सिंहासनसुद्धां घेऊन गेली. माणूस एकही गेलें नाहीं.

दुसरे दिवशीं शास्त्रीबुवांनीं अर्ज केला, "नेम मोडला. राणीपद काढावें." महाराजांनीं पुसिलें, "राणीचें मुख पाहिलें कोणीं?" पाहिलें म्हणावें तर नजर वर केली, त्याची शिक्षा मोठी. शास्त्रीबुवांनीं इकडे तिकडे पाहिलें आणि म्हणाले, "आम्हीं कांहीं पाहिलें नाहीं, महाराज."

तात्पर्य, पेठ गेली, माणसें राहिलीं, आणि राणीपदही राहिलें. दर्या अद्याप चढतो आहे. पडदा पुन्हा बांधिला नाहीं. आणि हल्लीं दरबार भरला म्हणजे प्रथम सर्वांनीं आपले पायांकडे पाहावें, ऐसी रीत आहे. लेखनसीमा.