नेडीनच्या बिटाची बरणी

शनिवारी सकाळी एल्बर्ट प्रुइटने तव्यावर अर्धा डझन अंडी फोडली, तेव्हा त्याच्या मनात पाप होतं. शेजारी बेकन चुरचुरत होतं, ओव्हनमध्ये मऊ बिस्किटं फुगत होती आणि सॉसेजची पांढरी ग्रेव्ही इतकी दाट झाली होती की चमचा उभा राहावा. हा सगळा थाट एकट्या केन्ड्रेलसाठी होता. थोड्याच वेळात केन्ड्रेलला बास्केटबॉलच्या मोठ्या लीगमधल्या एका संघाच्या माणसासमोर खेळून दाखवायचं होतं, आणि खेळायच्या आधी पोट हलकं ठेवा रे, असं बेल्फर्ड कॉलेजच्या प्रत्येक पोराला आयुष्यभर ओरडून सांगणारा माणूस हाच.

"कोच, एवढं?" दाराच्या चौकटीखालून वाकून आत येत केन्ड्रेल म्हणाला. केंटकीतल्या जुन्या घरांची दारं त्याच्या उंचीच्या माणसांसाठी केलेलीच नाहीत. "मला खरं तर तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

"आधी खा. तोंडात घास असताना बोलू नये."

"तोंडात घास नाहीये अजून."

"मग घाल ना!"

केन्ड्रेलने घातला. मोठ्यांचं ऐकायचं, ही शिस्त मिसिसिपीतल्या आजीने त्याच्या अंगात चांगलीच भिनवली होती. एक ताटली संपली, एल्बर्टने दुसरी भरली, आणि जे काय बोलायचं होतं ते बिचारं ग्रेव्हीखाली बुडून गेलं.

बेल्फर्डमध्ये एल्बर्टचं काम होतं उंच पोरं घडवायचं. पोरगं यायचं तेव्हा स्वतःच्याच पायात पाय अडकून पडायचं. पाय कुठे रोवायचा, खांदा कधी द्यायचा, चेंडू अंगामागे कसा लपवायचा, हे एल्बर्ट त्याला शिकवायचा, आणि ते जरा माणसात आलं की लीगचा एखादा संघ त्याला उचलून न्यायचा. मुख्य कोच हॅवरकॅम्प लगेच त्या पोराचा फोटो जिमच्या भिंतीवर लावायचा आणि तोच फोटो दाखवून पुढचं पोरगं आणायचा. पोरी सासरी जातात तशी ही पोरं जायची, आणि दर वेळी पाठवणीला डोळे पुसत उभा राहायचा तो एल्बर्ट.

ओटीत नारळ घालावा तशी एल्बर्टची बायको नेडीन प्रत्येक जाणाऱ्या पोराला स्वतः घातलेल्या बिटाच्या लोणच्याची बरणी द्यायची. व्हिनेगर, साखर, लवंग आणि बीट. नेडीनने बरणी हातात ठेवली की पोरगं गेलं म्हणून समजावं. मग नेडीनच गेली, मागच्या शरदात, अगदी अचानक. तळघरात तिच्या हातची एकच बरणी उरली होती, आणि एल्बर्ट त्या फळीकडे पाहायचंच टाळत होता.

आधी कधीमधी येणारा केन्ड्रेल तेव्हापासून दर रविवारी जेवायला यायला लागला. एल्बर्टने करपवलेला मक्याचा पाव तो निमूट खायचा, भांडी घासायचा आणि मग दोघं गॅरेजवरच्या गंजक्या रिंगखाली डाव्या हाताने चेंडू टाकायचा सराव करायचे. तो डावा हात काही केल्या वळत नव्हता. चेंडू शेजारणीच्या गुलाबात जायचा, शेजारीण ओरडायची, आणि आठवडाभरात एल्बर्ट हसायचा तो तेवढाच. आता पोरगं गेलं तर रविवार काढायचा कसा, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं.

केन्ड्रेलने लीगच्या निवडीसाठी नाव दिलं होतं, पण बुधवारपर्यंत ते मागे घेता येत होतं. लीगचा माणूस "अजून कच्चा आहे" म्हणाला, की पोरगं आणखी एक वर्ष इथेच. एकच वर्ष! एल्बर्ट काही कुणाची इस्टेट मागत नव्हता.

जिममध्ये लीगचा माणूस आला होता. त्याचं नाव सोरेन्सन, आणि चेहरा कित्येक दिवस विमानतळावरच जेवल्यासारखा. त्याने केन्ड्रेलला आधी वजनकाट्यावर उभं केलं, काट्याकडे पाहिलं, खाली उतरवून पुन्हा चढवलं.

"अरे वा!" तो म्हणाला. "आमच्या साहेबांची एकच तक्रार होती, पोरगं म्हणजे नुसती काडी. हे तर भरलंय की चांगलं!"

"एल्बर्टची मेहनत!" हॅवरकॅम्प म्हणाला. दुसऱ्याच्या मेहनतीचं कौतुक करताना तो स्वतःचीच पाठ थोपटल्यासारखा दिसायचा. एल्बर्टला ती दुसरी ताटली आठवली आणि स्वतःच्या हाताचा राग आला.

पण हुकमाचा पत्ता अजून त्याच्याकडे होता. असं खेळून दाखवणं म्हणजे सगळा ठरवून केलेला तमाशा असतो. पोराला जे येतं तेवढंच करायला लावायचं, त्याच्या आवडत्या जागेवरून, समोर कुणी नसताना, आणि कोचने चेंडू असा द्यायचा की आंधळ्यानेही टाकावा. दाखवणाऱ्याला हे ठाऊक, बघणाऱ्यालाही ठाऊक. खेळ कोणता लावायचा हे मात्र एल्बर्टच्या हातात होतं. त्याने घसा खाकरला.

"डावा हात," तो म्हणाला.

हॅवरकॅम्पचा चेहरा पडला. "एल्बर्ट, अरे, त्याचा उजवा—"

"डावा म्हटलं ना! आणि तू ये पुढे." त्याने संघातल्या सगळ्यात आडदांड पोराला बोलावलं. "अंगावर जा त्याच्या. दयामाया नको."

केन्ड्रेलने एल्बर्टकडे पाहिलं. एल्बर्टने नजर चुकवली. पोरगं मान डोलावून रिंगखाली गेलं. पहिला चेंडू चुकला आणि एल्बर्टला हायसं वाटलं. त्याबरोबर त्याला स्वतःची लाजही वाटली. दुसरा चेंडू मात्र केन्ड्रेलच्या डाव्या हातातून असा अलगद सुटला की जाळीचा आवाजसुद्धा झाला नाही. मग तिसरा. आडदांड पोराने धक्का दिला, तरी चौथा. हिवाळाभर शेजारणीच्या गुलाबात जाणारा चेंडू आज, मेला, रिंगखेरीज कुठे जायलाच तयार नव्हता.

आणि एल्बर्टची गंमत बघा. पोरगं असं टाकायला लागलं तसा हा सगळं पाप विसरला. "कोपर आत! हां, अस्सं! खांदा दे, खांदा!" म्हणून ओरडायला लागला, चेंडू उचलून द्यायला धावायला लागला, आणि सातव्या की आठव्या चेंडूला चक्क टाळी वाजवून बसला. टाळी वाजल्यावर त्याच्या लक्षात आलं आपण काय करतोय ते, पण तोवर उशीर झाला होता.

"मी बारा गावचं पाणी प्यालोय," सोरेन्सन त्याला बाजूला घेऊन म्हणाला. "सगळे मला ठरवलेलं नाटक दाखवतात. पोराची कमजोरी उघड करून दाखवणारा पहिला कोच तुम्ही. एवढा विश्वास!"

"विश्वास वगैरे काही नाही हो," एल्बर्ट घाईघाईने म्हणाला. "पोरात दोष आहेत. हट्टी आहे. जिममधून निघ म्हटलं तरी निघत नाही, दिवे बंद करावे लागतात."

सोरेन्सनने मान डोलावली.

"प्रत्येक गोष्टीला 'का' विचारतो. डोकं उठवतो अगदी."

"बरं."

"आणि घरकोंबडा! जाणं नाही, येणं नाही, मौजमजा नाही. रविवारी एका म्हाताऱ्याच्या घरी जाऊन त्याची भांडी घासतो. अशा पोराचं तुमच्या मोठ्या शहरात कसं व्हायचं?"

"प्रुइट," सोरेन्सनचा शिणलेला चेहरा पहिल्यांदाच उजळला, "असं पोरगं मी शोधतोय, आणि मिळत नाहीये. आता दुसऱ्या कुणाला दाखवू नका त्याला. आम्ही घेतोय."

हॅवरकॅम्पने एल्बर्टला भर जिममध्ये मिठी मारली. "काय चाल खेळलास रे! मला वाटलं म्हातारा बिघडला!" तो लगेच भिंतीपाशी जाऊन फोटोसाठी जागा मोजायला लागला. एल्बर्ट बाकावर बसला आणि बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत राहिला. ते तसंच बरं होतं, कारण त्याचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. केन्ड्रेल नेहमीसारखा आला, करपलेला पाव खाल्ला, भांडी घासली. आज मागे गॅरेजकडे न जाता तो टेबलाशीच बसून राहिला.

"कोच, काल सकाळी मला बोलायचं होतं."

"मग बोलायचं ना."

"तुम्ही बोलू दिलंत कुठे? मी सांगायला आलो होतो, नाव मागे घेतोय म्हणून. आणखी एक वर्ष राहणार होतो. आजीलाही विचारलं होतं. ती म्हणाली, त्या माणसाला असं एकटं टाकून जाऊ नकोस."

एल्बर्टने हातातला कप खाली ठेवला.

"पण तुम्ही एवढं खाऊ घातलंत," केन्ड्रेल म्हणाला, "आणि जिममध्ये मला डाव्या हाताने टाकायला लावलंत. तुम्ही आणि मी रविवारी जे करतो तेच, त्या माणसासमोर. तेव्हा मला कळलं, कोचला मी जायला हवाय. मग मी जीव तोडून खेळलो."

बाहेर शेजारीण गुलाबांना पाणी घालत होती.

"अजून बुधवारपर्यंत मुदत आहे," केन्ड्रेल टेबलाकडे बघत म्हणाला. "तुम्ही 'राहा' म्हणा. राहतो मी."

काल ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ते आज नुसतं तोंड उघडलं की मिळत होतं. एल्बर्टने तोंड उघडलं. त्याला कालचा तो डावा हात दिसला, अलगद सुटलेला चेंडू दिसला, आणि तोंड मिटलं. तो उठला, जिन्याचा कठडा धरत तळघरात गेला, बराच वेळ तिथेच राहिला. वर आला तेव्हा त्याच्या हातात बरणी होती. त्याने ती बाहीने पुसली आणि केन्ड्रेलसमोर ठेवली.

केन्ड्रेलला अर्थ कळला. त्याने बरणीवर हात ठेवला, आणि एवढं मोठं धूड लहान पोरासारखं रडायला लागलं.

"अरे, रडतोस काय? लीगमध्ये चाललायस!"

"कोच," केन्ड्रेल नाक पुसत म्हणाला, "एक सांगू? रागावू नका. मला बीट आवडत नाही."

"काय?"

"अजिबात नाही. मातीसारखं लागतं. नेडीनबाई वाढायच्या तेव्हा मी ते रुमालात गुंडाळून खिशात टाकायचो. एकदा खिसा लाल झालेला त्यांनी पाहिला. मी म्हटलं, खेळताना लागलंय, रक्त आलंय."

"मग?"

"मग काय! बिटाने रक्त वाढतं म्हणून त्यांनी आणखी वाढलं."

एल्बर्ट हसायला लागला. हसता हसता त्याला खुर्ची धरून बसावं लागलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. त्याने चष्मा काढून पुसला.

"मलाही नाही आवडत," तो म्हणाला. "लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून नाही आवडत."

"आणि तुम्ही कधी सांगितलं नाही?"

"ती किती हौसेने वाढायची, पाहिलंयस ना तू. कसं सांगणार?"

केन्ड्रेल त्याच्याकडे पाहतच राहिला. कालच्या न्याहारीसकट आता पोराला काय काय कळलं, हे एल्बर्टला विचारायचं धाडस झालं नाही. त्याने झाकणावर फडकं धरून पिळलं. झाकण हटेना, तेव्हा केन्ड्रेलने डाव्या हाताने ते सोडवलं. लवंगेचा वास स्वयंपाकघरात पसरला आणि घर क्षणभर पूर्वीसारखं झालं.

दोघंही तोंडं वाकडी करत खात राहिले. बरणी अर्धी झाली तेव्हा केन्ड्रेलने ताटली पुढे केली.

"वाढा अजून," तो म्हणाला.