केळुसकरांचा उतारा

"मानवी शरीराला मर्यादा नसतात, मर्यादा असतात त्या फक्त मनाला." हे वाक्य प्रल्हाद केळुसकरांनी शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर टाकलं, तेव्हा ते माणिकपूरच्या आपल्या फ्लॅटमध्ये पलंगाच्या कडेवर बसून डाव्या पायातला मोजा काढायचा प्रयत्न करत होते. कंबर वाकत नव्हती. उजव्या पायाच्या अंगठ्याने डावा मोजा खाली ढकलायची एक पद्धत त्यांनी थंडी सुरू झाल्यापासून शोधून काढली होती आणि तिच्यातली त्यांची प्रगती पोहण्यातल्या प्रगतीपेक्षा बरी होती.

केळुसकर ट्रायथलॉन करत. म्हणजे आधी समुद्रात पोहायचं, मग ओल्या अंगाने सायकल चालवायची आणि सायकलवरून उतरल्यावर, जेव्हा कुठलाही शहाणा माणूस खाली बसेल, तेव्हा धावायचं. पन्नाशी उलटेपर्यंत त्यांनी यातलं काहीच केलं नव्हतं. लग्नाचं राहून गेलं होतं, पण आई होती. आई गेली आणि घरात दुसरा आवाज म्हणून फ्रिज उरला. तोही मधूनच गप्प व्हायचा, तेव्हा केळुसकर त्याला "काय झालं?" म्हणून विचारायचे. एकदा आपण उत्तरासाठी थांबलोय हे लक्षात आल्यावर ते घाबरून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालताना व्यायामशाळावाला हार्दिक भेटला आणि त्याने त्यांना ट्रायथलॉनच्या ग्रुपवर घेतलं.

ग्रुप मोठा उत्साही होता. "उद्या पहाटे पोहायला कोण कोण?" असं विचारलं की अंगठे पटापट वर यायचे. पहाटे किनाऱ्यावर मात्र अंगठ्यांचे मालक यायचे नाहीत. केळुसकर थोडा वेळ वाट बघायचे, मग एकटेच पोहायचे, आणि घरी जाऊन "मस्त झालं, तुम्ही हवे होता" असं लिहायचे. त्यालाही अंगठे यायचे.

गेल्या जानेवारीत त्यांनी पहिली शर्यत केली. शर्यतीच्या शेवटी फुगवलेली मोठी कमान असते, माइकवाला येणाऱ्याचं नाव पुकारतो, घरची माणसं टाळ्या वाजवतात, कोणी रडतंसुद्धा. केळुसकर पोचले तेव्हा कमानीतली हवा सोडत होते. माइकवाला वडापाव खात होता. तो म्हणाला, "काका, जरा बाजूनं जा, अंगावर पडेल ही." केळुसकर बाजूने गेले. बाजूने गेलं तर शर्यत पूर्ण झाली असं धरतात का, हा प्रश्न त्यांना वर्षभर छळत होता.

म्हणून या वर्षी त्यांना एकच गोष्ट हवी होती. वेग नको, पदक नको. शेवटी कोणीतरी एक माणूस आपली वाट बघत उभं असावं, बस. कोणीही चालेल. शेजारच्या हेतलबेनना त्यांनी लिफ्टमध्ये विचारून बघितलं. त्या म्हणाल्या, "हो हो, नक्की येणार, लोकेशन टाका ना." लोकेशन टाकल्यावर त्यांचा अंगठा आला. केळुसकरांना आता अंगठ्यांची भाषा थोडी थोडी कळू लागली होती.

शर्यत तोंडावर आल्यावर एका रविवारी त्यांनी संपूर्ण रंगीत तालीम ठरवली. ग्रुपवर अंगठ्यांचा सडा पडला. केळुसकर अंधारातच सायकलवरून पाचूबंदरच्या अलीकडच्या किनाऱ्यावर पोचले. उजाडेपर्यंत वाट बघितली. कोणी आलं नाही. मग त्यांनी सामान मांडायला घेतलं.

ट्रायथलॉनमध्ये सामान मांडणं हे अर्धं शास्त्र आहे. पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाला विचार करायला लागू नये, हात जाईल तिथे वस्तू हवी. केळुसकर चष्म्याशिवाय अधू, म्हणून लांबून दिसावा असा लालभडक पंचा त्यांनी वाळूवर पसरला. वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. मधोमध एक केळं. पोटऱ्यांत गोळे आले तर चोखायला अर्धं कापलेलं लिंबू, त्यावर मीठ. बाजूला तोंडं समुद्राकडे करून बूट, त्यात ओले पाय सरकावेत म्हणून पावडर. उरलेली पावडर त्यांनी पंचाभोवती गोल टाकली, कारण मागच्या खेपेला केळ्याला मुंग्या लागल्या होत्या. चष्मा आणि मोबाइल केळ्याशेजारी ठेवला. सायकल माडाला टेकवून तिच्यावर हेल्मेट अडकवलं आणि ते पाण्यात शिरले.

त्या दिवशी अमावास्या होती, हे त्यांच्या लक्षात असायचं काही कारण नव्हतं.

पहिल्यांदा तिथे आला तो धर्मा. धर्माची होडी जवळच ओढून ठेवलेली असते. अमावास्येच्या सकाळी, समुद्राकडे तोंड करून, लाल कापडावर केळं, कापलेलं लिंबू, मीठ आणि भोवती पांढरं रिंगण बघून त्याने जे ओळखायचं ते ओळखलं आणि उचललेला पाय तसाच मागे घेतला. कोणीतरी उतारा ठेवला होता, तोही साधासुधा नव्हे. मागून येणाऱ्यांना त्याने हात आडवे करून थांबवलं. हळूहळू वाटेवर माणसं साचली. होडीकडे जायचं तर तिथूनच जावं लागे, आणि ओलांडायला कोणी तयार होईना. चर्चमधल्या पहिल्या मिसानंतर मासळी घ्यायला आलेली गिरीजची एलिसा, जिची रस्त्याला लागून केळीची वाडी आहे, तिनेही आधी क्रूस केला आणि मगच पुढे वाकून बघितलं.

तिला चष्मा दिसला.

"उतारा ठेवणारा चष्मा ठेवून जाईल का रे?" ती म्हणाली.

धर्माने विचार केला. बूटही ठेवून जाणार नाही. मग एलिसाचं लक्ष माडाला टेकलेल्या सायकलीकडे आणि हेल्मेटकडे गेलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. हा तर रोज सकाळी आपल्या वाडीवरून कधी सायकलने जाणारा, कधी पळणारा माणूस. बूट समुद्राकडे तोंड करून काढलेले, चष्मा नीट मिटवून ठेवलेला. यातून निघणारा अर्थ इतका सरळ होता की कोणी तो मोठ्याने बोललं नाही. धर्माने आपल्या भावाला किनाऱ्यावर पुढे लावलेली दुसरी होडी घेऊन पाण्यात पाठवलं आणि सगळे समुद्राकडे बघत उभे राहिले.

केळुसकर त्या वेळी अगदी सुखरूप होते. फक्त चुकले होते. चष्म्याविना लाल रंग शोधत पोहताना त्यांना तो दिसलाही होता. जवळ गेल्यावर ती लाल रंगाची होडी निघाली. ओहोटीने त्यांना पार पाचूबंदरच्या वस्तीपाशी आणून सोडलं होतं. तिथे पॉलिनमावशी बांबूवर बोंबील वाळत घालत होत्या. चड्डीवरचा, निळा पडलेला, दात वाजवणारा माणूस पाण्यातून चालत येतोय म्हटल्यावर त्यांनी काहीही न विचारता बोंबलांच्या ढिगावरची चौकड्याची चादर काढली, त्याच्या अंगावर टाकली, गळ्यापाशी गाठ मारली आणि कोऱ्या चहाचा पेला हातात दिला.

"पोट भरून पी. आनि जा तिकडं," त्या म्हणाल्या. "मानूस बुडलाय म्हनतात. बाप्या मानूस हास ना तू, होडी ओढायला लाग."

केळुसकरांना हे ऐकून वाईट वाटलं. कोणाचा तरी जीव जात असताना तालमीचा विचार करणं बरं नव्हे. चहा संपवून ते चादर सावरत किनाऱ्याने लगबगीने निघाले. गर्दी त्यांना लांबून नुसती एक काळी रेघ दिसत होती. ते तिच्यात जाऊन उभे राहिले, समुद्राकडे बघणाऱ्या माणसांच्या मागच्या रांगेत, आणि शेजारच्या बाईला हळू आवाजात विचारलं की कोण होता.

ती बाई एलिसा होती. गिरीजवरून रोज धावणारा माणूस तिने हेल्मेट नाहीतर टोपी आणि चष्मा याशिवाय कधी बघितला नव्हता. चादरीतल्या उघड्याबोडक्या म्हाताऱ्याकडे तिने वळूनही बघितलं नाही.

"होता एक. रोज सकाळी आमच्या वाडीवरून पळायचा," ती म्हणाली. "कुत्रा मागं लागला की माझ्या केळींत शिरायचा. दोन झाडं मोडली त्यानं."

केळुसकरांच्या मनात आलं, गिरीजला दुसराही कोणी पळतो वाटतं. आपल्याला कसा दिसला नाही? सोबत झाली असती.

"बोलायचा कोनाशी?" धर्माने विचारलं.

"मला रोज गुड मॉर्निंग म्हणायचा. मी कधी उलट म्हटलं नाही. कामात असायची, आणि म्हणेपर्यंत पुढं गेलेला असायचा." एलिसाने पुन्हा पाण्याकडे बघितलं. "आज म्हटलं असतं."

आपण रोज कोणाला गुड मॉर्निंग म्हणतो, कोणाच्या केळी मोडतो, हे केळुसकरांना चांगलं ठाऊक होतं. आता खरं तर बोलायला हवं होतं. त्यांनी तोंडही उघडलं. पण आजवर त्यांच्याबद्दल कोणी इतकं सलग बोललं नव्हतं, आणि अजून काय काय म्हणतायत ते ऐकून घ्यावं असा एक लबाड विचार त्यांच्या मनात आला. ते एवढंच म्हणाले, "पोहायचा बरा, असं ऐकलंय."

"बरा पोहत असता तर हितं असता," धर्मा म्हणाला.

पंचावरचा मोबाइल गप्प होता. त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती, पण सगळ्यांचं लक्ष मात्र त्याच्याकडे होतं. आता वाजेल, मग वाजेल, घरचं कोणीतरी चौकशी करेल.

"येवढा येळ झाला," धर्मा शेवटी म्हणाला, "येक फोन नाय आला. कोनी नाय वाटतं त्याचं."

माणसं नुसती उभी होती, सकाळची कामं टाकून, पाण्याकडे डोळे लावून, आणि केळुसकरांच्या एकाएकी ध्यानात आलं की ही सगळी माणसं आपली वाट बघताहेत. डोळे भरून आले. आधीच कमी दिसत होतं, आता काहीच दिसेना. चष्मा हवा होता.

पुढचं त्यांनी ठरवून केलं नाही. महिनोन्‌महिने घोकलेली सवय ती. ते गर्दीतून पुढे गेले, पांढरं रिंगण ओलांडून आत शिरले, चष्मा डोळ्यांवर चढवला, बुटांत पाय सरकवले, लिंबाची फोड मिठासकट चोखली आणि केळं सोलून खायला लागले.

अमावास्येच्या उताऱ्यावरचं केळं खाणारा माणूस त्या किनाऱ्याने यापूर्वी बघितला नव्हता. गर्दी दोन पावलं मागे सरली. केळुसकरांनी शेवटचा घास गिळला, साल नीट घडी करून पंचावर ठेवली आणि हेल्मेट डोक्यावर चढवलं.

"अगो बाय," एलिसा म्हणाली. "हाच तो."

मग जे व्हायचं ते झालं. धर्माने शर्ट काढून हलवत भावाची होडी परत बोलावली आणि ती वळेपर्यंत केळुसकरांना पुरेसं सुनावलं. मरायचं नव्हतं तर सामान असं मेल्यागत कशाला मांडलं? आणि जिवंत होता तर मघापासून शेजारी उभा राहून स्वतःच्याच मयताला आला होता का? केळुसकरांनी सगळ्यांची माफी मागितली, एलिसाची मोडलेल्या केळींबद्दल वेगळी. ट्रायथलॉन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ते ऐकून गर्दीचं मत असं झालं की माणूस वाचला खरा, पण पूर्ण वाचलेला नाही.

"म्हंजे अजून सायकल आनि पळनं बाकी हाय?" धर्माने विचारलं.

"हो." केळुसकरांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. आता चष्मा होता, चेहरे स्वच्छ दिसत होते. "मी गिरीजपर्यंत सायकलने जाऊन येतो, मग थोडं धावतो. तुम्ही... तेवढा वेळ थांबाल का इथं? काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग धर्माने हात वर केला आणि अंगठा दाखवला.

केळुसकर निघाले ते असे, की हार्दिकने बघितलं असतं तर त्यांना पुन्हा ग्रुपवर घेतलं असतं. पाठीवर चादर फडफडत होती, तिचं त्यांना भानच नव्हतं. वाड्यांच्या दारांवर नाताळच्या चांदण्या लटकत होत्या, कुत्र्याने सवयीने पाठलाग केला, आणि या खेपेला ते केळींत शिरले नाहीत. परत येऊन सायकल वाटेवरच्या पहिल्या माडाला टेकवली. माणसं मघाशी उभी होती ती जागा लांबून पुसट दिसत होती, चष्म्यावर घाम आला होता. पुसण्यात वेळ न घालवता ते तसेच धावायला निघाले, टोकाच्या सुरूच्या झाडापर्यंत गेले आणि वळले.

वळल्यावर चष्मा पुसला. किनारा मोकळा होता. धर्माची होडी पाण्यात गेली होती. रविवारची मासळी कोणासाठी थांबत नाही.

पण पांढऱ्या रिंगणापाशी एक माणूस उभं होतं. एकच. त्यांच्याकडेच तोंड करून उभं होतं आणि त्यांना बघून दोन्ही हात वर करून हलवत होतं. केळुसकरांच्या पायात कुठून बळ आलं कोण जाणे. कंबर विसरून, चादर उडवत, तोंड उघडं टाकून ते धावत सुटले आणि दोन्ही हात उंचावून त्यांनी ती पांढरी रेघ ओलांडली. गेल्या वर्षीचा सगळा हिशेब तिथे फिटला.

"कवाधरनं वाट बघतंय तुझी," पॉलिनमावशी म्हणाल्या.

केळुसकरांनी नुसते हात जोडले.

"माझी चादर दे आता," मावशी म्हणाल्या. "बोंबील उघडे पडलेत."