हातोड्यांना सुया

खालच्या मजल्यावरच्या नावरातिलने आणखी एकदा तक्रार केली, तर ओटिलीचा पियानो घराबाहेर जाणार होता. व्हिएन्नातल्या त्या इमारतीच्या व्यवस्थापकांनी तसं बजावलंच होतं. नावरातिल रात्रीची ट्राम चालवायचा आणि दुपारी झोपायचा. ओटिली नेमकी दुपारी वाजवायची. पियानो तिच्या आईचा. तो गेला तर आपण काय करायचं, हे तिला सुचत नव्हतं.

तिचे पती एगॉन वीझिंगर शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी पियानो उघडून निदान केलं. पट्टी दाबली की तारेवर आपटणाऱ्या आतल्या छोट्या हातोड्यांवरची लोकर वर्षानुवर्षं आपटून दगड झाली होती. कडक हातोडा तारेला टिचकी मारून पळतो आणि तार किंचाळते. मऊ हातोडा तारेवर क्षणभर रेंगाळतो आणि तिची तीक्ष्ण थरथर तिथेच दाबून टाकतो. तेव्हा सुया टोचून लोकर भुसभुशीत करायची.

"एगॉन, पियानो लावणाऱ्याला बोलव ना," ओटिली म्हणाली.

"तो कानावर विसंबतो. मी नियमावर विसंबतो."

त्यांनी रफूच्या सुयांनी एकूणएक हातोडे टोचले. पियानो गादीखालून बोलल्यासारखा वाजू लागला. ओटिलीला स्वतःचंच वाजवणं ऐकू येईना, म्हणून ती पट्ट्या जोरात दाबू लागली. वीझिंगरांनी आणखी टोचलं. ती आणखी जोरात आपटू लागली. खोलीत उरली नुसती गुणगुण. दणके मात्र पियानोच्या पायांतून जमिनीत आणि जमिनीतून थेट नावरातिलच्या छतात उतरू लागले.

तो झोपेच्या कपड्यांतच वर आला.

"प्रोफेसर, आधी निदान गाणं तरी असायचं. आता डोक्यावर कोणीतरी बटाट्यांची पोती टाकतंय. मी चाललो व्यवस्थापकांकडे."

ओटिलीचे डोळे भरले. वीझिंगरांनी काकुळतीला येऊन त्याला विनवलं, की जाण्याआधी एकदा इथे बसून ऐका, आवाज खरंच मऊ झालाय. नावरातिल नाइलाजाने कोचावर टेकला. ओटिली रडवेल्या तोंडाने वाजवू लागली. थोड्याच वेळात तो घोरू लागला.

तक्रार झाली नाही. नावरातिल आता रोज दुपारी उशी घेऊन वर येतो. घरात कोच एकच, त्यामुळे वीझिंगरांना वामकुक्षीला त्याच्या घरी जावं लागतं. तिथे ते छताकडे डोळे लावून पडून राहतात. नियम कुठे चुकला, ते अजून सापडलेलं नाही.

काल त्यांच्याने राहवेना. ते वर गेले आणि जरा बेताने वाजवशील का, असं त्यांनी बायकोला विचारलं.

"कुजबुजत बोल," पट्ट्यांवरचे हात न थांबवता ओटिली म्हणाली. "त्यांची झोपमोड होईल."