तिसऱ्या मजल्यावरची अंबाडी

गुरुशांतचं म्हणणं असं, की बिघडलेली कुठलीही वस्तू आपला बिघाड स्वतःच सांगते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये अख्खी नोकरी त्याने याच भरवशावर काढली. गाडी डेपोच्या फाटकातून आत वळायच्या आधीच तो सांगायचा, "हिचा क्लच गेलाय." आणि क्लच गेलेला असायचा. त्याच नोकरीने त्याचे कान निम्मे बाद केले ही गोष्ट वेगळी.

त्यामुळे मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर अंबाडी वाढवायची ठरली तेव्हा त्याने सगळ्या बिल्डिंगला सांगून टाकलं, "इंजिन खोलणाऱ्या माणसाला झाड काय अवघड हाय?"

माती नव्हतीच म्हणून पाणी. बिल्डिंगच्या मागे कंपाउंडला लागून मातीचा एक पट्टा होता. तिथे गुरुशांतची बायको महानंदा दरवर्षी अंबाडी लावायची आणि तिची भाजी दाण्याचं कूट, ज्वारीच्या कण्या आणि वरून लसणाची फोडणी घालून करायची. गेल्या श्रावणात महानंदा गेली. दिवाळीनंतर चेअरमन संगप्पाने त्या पट्ट्यावर पार्किंगसाठी फरश्या टाकल्या. बाल्कनीत कुंड्या ठेवायला त्याची बंदीच होती, खालच्या मजल्यावर पाणी झिरपतं म्हणून.

मग एक दिवस गुरुशांतला मोहरीच्या डब्यात कापडाची पुरचुंडी सापडली. आत मूठभर बी. महानंदाच्या अंबाडीचं. आता हे बी पेरलं नाही तर जुनं होऊन वाया जाणार, आणि तिच्या हातची म्हणावी अशी जिवंत गोष्ट जगात उरणार नाही. त्याला रात्री झोप येईना. पुण्याच्या मुलीने, सिद्धेश्वरीने, फोनवर ऐकून घेतलं आणि आठवड्याभरात पांढऱ्या पाइपांचं एक सामान पाठवून दिलं. पाइपला भोकं, भोकांत जाळीच्या वाट्या, खाली टाकी, टाकीतलं पाणी फिरवायला एक पंप आणि पाण्यात हवेचे बुडबुडे सोडायला दुसरा.

"बाबा, पंप दिवसरात्र चालू पाहिजेत," ती म्हणाली. "मुळांनाही श्वास लागतो."

"पोरी, मी कुनाला हवा दिली न्हाय आजवर? ट्रकला दिली, बसला दिली."

बी उगवलं. एप्रिलपर्यंत रोपं गुडघ्याएवढी झाली, हाताच्या बोटांसारखी फाकलेली पानं आली. गुरुशांत येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून वर नेऊन दाखवत होता. आणि मग रोपांनी माना टाकायला सुरुवात केली.

रोज संध्याकाळी तो घरी येई तेव्हा रोपं लग्नातून उपाशी परतलेल्या पाहुण्यांसारखी दिसत. सकाळी जरा उभी राहत. संध्याकाळी पुन्हा माना खाली.

"पानी घाला की," संगप्पा म्हणाला.

"पान्यातच उभी हायत ती."

"मग पानी कमी करा."

"पान्यावरच जगत्यात ती."

संगप्पाने थोडा विचार केला. "मग मरू द्या," तो म्हणाला आणि खाली गेला.

सिद्धेश्वरीने फोनमध्ये एक ॲप घालायला लावलं. पानाचा, मुळांचा फोटो काढायचा. ॲप रोग सांगतं, उपाय सांगतं. अक्षरं बारीक म्हणून तिने ते वाचून दाखवेल अशी सोयही करून दिली. कान निम्मे बाद, म्हणून गुरुशांतने आवाज होता तेवढा वाढवला.

उकाड्याची संध्याकाळ. सगळ्या बिल्डिंगच्या खिडक्या सताड उघड्या. गुरुशांत बाल्कनीत बसला, एक वाटी उचलून त्याने मुळांचा फोटो काढला. मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि डबक्यासारखा वास. ॲपमधली बाई बातम्या दिल्यासारख्या खणखणीत आवाजात बोलू लागली.

"झाडाचं नाव, गांजा. तुमच्या गांजाची मुळं कुजत आहेत. पाणी गरम झालं आहे आणि मुळांना प्राणवायू कमी पडत आहे. टाकी थंड ठेवा. हवेचा पंप तपासा. कमजोर मुळांवरचा भार कमी करण्यासाठी गांजाची निम्मी पानं काढून टाका."

खाली कुणाच्या तरी हातातून ताट पडल्याचा आवाज आला.

गुरुशांतला ती बाई आवडली. नाव चुकलं असेल, पण रोग तिने बरोबर पकडला होता. त्याने लगेच टाकीला ओली पोती गुंडाळली. हवेचा पंप बघितला. बुडबुडे छान येत होते. राहिला प्रश्न पानांचा. कात्री घेऊन तो दोनदा रोपांपाशी गेला आणि दोनदा परत आला. महानंदाच्या झाडाची पानं आजवर तिच्याशिवाय कुणी तोडली नव्हती.

तिसऱ्यांदा तो कात्री घेऊन उभा असतानाच दार वाजलं. दारात संगप्पा, आणि त्याच्यामागे दुसऱ्या मजल्यावरचा सतीश हवालदार. ड्यूटी नव्हती म्हणून अंगात बनियन, पण चेहऱ्यावर पूर्ण वर्दी.

"काका," सतीश म्हणाला, "बाल्कनीत काय लावलंय?"

"अंबाडी."

"फोन तर येगळंच म्हनत होता."

"फोननं कदी भाकरी खाल्लीया? त्याला काय कळतंय?"

"मग त्याचंच ऐकून टाकीला पोती का गुंडाळलीत?" संगप्पाने विचारलं. चेअरमन झाल्यापासून त्याला असे प्रश्न सुचत.

"नाव चुकलंय त्याचं. रोग बरोबर वळखलाय."

सतीशच्या नोकरीत असा जबाब पहिल्यांदाच येत होता. तो बाल्कनीत गेला. पाच बोटांचं पान, कडेला करवतीसारखे दाते. त्याने पान उलटंसुलटं करून बघितलं, आणि त्याचा चेहरा आणखी वर्दीतला झाला.

"काका, माझा तुमच्यावर इस्वास हाय. पर उद्या कुनी वर कळवलं तर माझ्या डोक्यावर गांजा पिकत होता असं हुईल. सगळं उपटून न्यावं लागंल. तपासाला पाठवू."

"मुळाला हात लावू नका," गुरुशांत म्हणाला. त्याचा आवाज एवढा बदलला, की सतीशने हातातलं पान सोडून दिलं. "उपटलं की संपलं. ही महानंदाची हाय. दुसरी न्हाय." मग जरा सावरून म्हणाला, "चावून बघा की. अंबाडी आंबट असती. गांजा आंबट असतो का?"

प्रश्न बिनतोड होता. पण चावणार कोण?

"मी न्हाय," सतीश म्हणाला. "आंबट न्हाय निघालं तर? सकाळी हजेरी हाय माजी."

दोघांनी संगप्पाकडे बघितलं.

"मी चेअरमन हाय," संगप्पा म्हणाला. "असलं काय खायचं तर आदी मीटिंग घ्यावी लागंल."

"मी खातो," गुरुशांत म्हणाला.

"तुमी कसं? तुमच्यावरच तर संशय हाय."

एवढ्यात तळमजल्यावरची नागव्वा जिना चढून आली. नागव्वा महानंदाची मंद्रूप गावची मैत्रीण. त्या नात्याने ती गुरुशांतला दाजी म्हणायची. मघाचं ताट तिच्याच हातातून पडलं होतं. तिने तिघांना बाजूला सारलं, एक पान तोडलं, तोंडात टाकलं आणि चावता चावता एक डोळा मिटला.

"यव्वा, काय आंबट हाय."

"झालं?" गुरुशांत म्हणाला.

"त्या एका झाडाचं झालं," सतीश म्हणाला. "बाकीच्यांत काय हाय कुनाला ठावं? मधी एखादं लपवत्यात लोक."

"मग सगळ्यांचं बघू की," असं म्हणून नागव्वाने पदर खोचला आणि ओळीने पानं तोडायला लागली. एका रोपाची दोन, दुसऱ्याची चार, तिसऱ्याची मूठभर. गुरुशांत एकेक पान मोजत होता.

"नागव्वा, बास की आता."

"दाजी, हवालदारांचं समाधान नको व्हायला? आन् एवढी पानं कच्ची कोन खाईल? शिजवूनच बघू."

गुरुशांतच्या स्वयंपाकघरात श्रावणानंतर पहिल्यांदा लसणाची फोडणी बसली. नागव्वाने पानं उकडून पिळली, कण्या घातल्या, खालून स्वतःच्या भाकऱ्या आणल्या. सतीशने पहिला घास फार सावधपणे घेतला. दुसरा जरा कमी सावधपणे. तिसऱ्यानंतर तो बोलायचा बंद झाला. संगप्पा आधी फक्त चव बघणार होता. त्याने दोन भाकऱ्या संपवल्या आणि मीटिंगचं नावही काढलं नाही. हवालदाराने शेवटी भाकरीच्या तुकड्याने ताट असं पुसून घेतलं, की पुरावा म्हणून डागसुद्धा उरला नाही.

"अंबाडीच हाय," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

सगळे गेल्यावर गुरुशांत बाल्कनीत आला. पाइपांत नुसत्या काड्या उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा सिद्धेश्वराच्या देवळाला निघाला. महानंदा गेल्यापासून तो दिवसभर तिथे तळ्याकाठी बसून असायचा; रिकाम्या घरात दुपार जात नसे. दाराजवळ हात वर करून त्याने मेन स्विच बंद केला. घराबाहेर पडताना मेन बंद करायचा, हा महानंदाचा नियम. तो त्याने एक दिवसही मोडला नव्हता. फ्रिज तर ती गेल्यापासून रिकामाच, त्यामुळे कशाला काही होण्याचा प्रश्न नव्हता.

कुलूप सापडेना म्हणून त्या दिवशी तो दारातच थांबला. आणि त्याला काहीतरी ऐकू येईनासं झालं. कान कसेही असोत, चालतं इंजिन बंद पडल्यावरची शांतता त्याला झोपेतही ओळखता आली असती. बाल्कनीतले बुडबुडे थांबले होते.

त्याने स्विच चालू केला. बुडबुडे सुरू झाले. बंद केला. थांबले. असं त्याने चार-पाच वेळा केलं. मग तो दारातच खाली बसला. रोज सकाळी जाताना रोपांचा गळा आपणच दाबतो, वर संध्याकाळी येऊन त्यांना काय झालं म्हणून विचारतो, हे लक्षात यायला त्याला बराच वेळ लागला.

त्या दिवशी तो देवळात गेला नाही. पुढेही फार गेला नाही. टाकीला ओली पोती, पंप अखंड चालू, आणि पानांचा भार तर हवालदाराने उतरवलाच होता. आठ-दहा दिवसांत मुळांना पांढरी नवी टोकं दिसली. मग काड्यांच्या कुशीतून पालवी फुटली. महिनाभरात रोपं पहिल्यापेक्षा दाट झाली.

गुरुशांतने नागव्वाला मुद्दाम वर बोलावलं. छाती पुढे काढून तो म्हणाला, "बघ. जगवली. बोंडं आली की तुला मूठभर बी देतो. जपून ठेव. महानंदाचं बी हाय, कुटं मिळनार न्हाय."

नागव्वा रोपांकडे बघत राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला. गुरुशांतला वाटलं, रडतेय. ती हसत होती.

"दाजी, ते बी माजं हाय. मीच दिलेलं तिला. मंद्रूपला शेतात पोतंभर पडलंय."

"तुजं कसं? ती तर दरवर्षी खाली लावायची."

"लावायची की. आन् दरवर्षी मारायची. लई पानी वतायची वो, सकाळ-संध्याकाळ बादलीनं. मुळं कुजून जायची. मग तुमी डूटीला गेलात की मी शेतातली रोपं आनायची आन् आमी दोघी मेलेली काडून नवी लावायचो. तुमी संध्याकाळी येऊन म्हनायचा, काय हात हाय महानंदाचा. ती लाजायची."

नागव्वा गेल्यावर त्याने चहा केला, तो गार होऊ दिला. मग भांडी घासायला घेतली, आणि घासता घासता त्याचा जो तोंडपट्टा सुरू झाला तो थांबेना. एवढी वर्षं फसवलंस. मी डेपोत सांगत फिरायचो. लोकांना डब्यातली भाजी द्यायचो. एकदा सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? श्रावणापासून तो तिच्याशी मनातल्या मनात फार नरम बोलत आला होता. आज पातेलं आपटून बोलत होता.

खालून नागव्वाचा आवाज आला, "दाजी, कुनाशी भांडताय?"

"हिच्याशी."

"भांडा मग," नागव्वा म्हणाली. "पर जरा हळू. सगळी बिल्डिंग तिचीच बाजू घ्यायला लागलीया."