एझराजी झिराडकरांची शेनलीवरील स्वारी

यहुद्यांचा पैगंबर एलियाहू हन्नाबी पाठीशी असो. राजमान्य राजेश्री एझराजी बिन शॉलोमजी झिराडकर, मूळ वतन झिराड प्रांत अलिबाग, हाल वस्ती विलायतेतील एजवेअर, उमर वर्षे चौसष्ट, यांनी जून महिन्यात एके रविवारी सायकलीवर स्वार होऊन हर्टफर्डशायर मुलुखात जी मोहीम केली, तिची हकीकत मंडळींनी पुसली, म्हणोन जाहले वर्तमान सविस्तर लिहितो. पदरचे फारसे घातले नाही. थोडे घातले आहे, ते वाचणाराने सोसावे.

मोहिमेचे कारण ऐसे की, गेल्या नोव्हेंबरात साहेब ओल्या पानांवरून घसरोन पडले आणि गुडघ्याची वाटी तडकली, मग रस्त्याकडेच्या भिंतीवर बसोन येणाऱ्या-जाणाऱ्यास "फाइन, फाइन" म्हणत राहिले, आणि कन्या अदीनाबाई यांचा फोन आला तेव्हा "लायब्ररीत आहे" ऐसा बेधडक जबाब दिला. बाईंस खरे कळले ते हॉस्पिटलातील नर्सकडोन. तेव्हापासोन त्यांची साहेबांवर इतराजी जाहली आणि सायकल शेडमध्ये कैद पडली. अदीनाबाई पेशाने सॉलिसिटर, जन्म एजवेअरचा, मराठी आपल्याच कायद्याने बोलत. सात महिने मसलती होऊन अखेर तह ठरला की साहेबांनी एकट्याने तीस मैलांचा फेरा करावा आणि चारच्या ठोक्यास दारात हजर व्हावे. उशीर जाहला अथवा आणावयास गाडी पाठवावी लागली, तर सायकल चॅरिटी शॉपात जमा. तहावर शिक्का करताना बाई बोलिल्या, "डॅडी, मला तुझा पडण्याचा भीती नाही. तू सांगत नाहीस, दॅट्स द प्रॉब्लेम." साहेबांनी पहिले वाक्य तेवढे ऐकिले आणि मोठे खूष जाहले.

मग रविवारी साडेबारा वाजता कूच जाहले. शिरी निळे हेल्मेट, अंगी अंगाबरोबरची पिवळी जर्सी, जी पोटावर येऊन हट्टास पेटली होती, आणि पाठीवर रसद: चपातीत गुंडाळलेला अंड्याचा पोळा, नारळाच्या दुधाच्या हलव्याच्या बारा वड्या. साहेबांनी दारावरील मेझुझास, म्हणजे पवित्र वचनांच्या डबीस, बोट लावोन ओठास लाविले आणि खोगिरावर बसले, इतक्यात खासे कुटुंब मझलबाई दारातून ओरडल्या, "अहो, थांबा! पंप राहिला! ट्यूब राहिली!" परंतु निघतेवेळी मागून हाक म्हणजे अपशकुन, आणि परत फिरणे तो त्याहून मोठा, शकुनाचे बाबतीत साहेब पक्के. सबब त्यांनी बहिऱ्याचे सोंग घेतले आणि पेडल हाणिले.

पुढे एलस्ट्रीची चढण लागली. ती चढताना साहेबांचा वेग ऐसा की एक म्हातारा आपले कुत्रे घेऊन बाजूने पुढे गेला आणि कुत्र्याने वळोन पाहिले. तरी साहेबांनी पाय भुईस टेकविला नाही. पुढील मुलूख बहुत गरीब, शत्रू औषधासही नाही. दोहों बाजूंस हिरवी कुंपणे, त्यांखाली पांढरी रानफुले, मधून एक मोटार जाईल इतकीच वाट, आणि गहू वाऱ्याने डोलतो आहे. लेचमोर हीथ गावी तळ्यातील बदकांनी रस्ता रोखिला. तेथे लढाई न करिता सलूख केला की बदकांनी आधी जावे, साहेबांनी मागाहून. साहेबांस इतका आनंद जाहला की ते मोठ्याने गाऊ लागले, आणि सात महिन्यांत आपण गायिलो नाही हे त्यांचे ध्यानी आले.

मग दोन वाजता, शेनली मागे टाकोन, ना घर ना दार ऐशा वाटेवर मागील चाकाने फुस्स केले आणि ते बसले. साहेबांनी पिशवी उलटी केली. हलवा होता, पोळा होता, पंप नव्हता. फोन खिशात होता. परंतु फोन केला म्हणजे गाडी येणार, आणि गाडी आली म्हणजे सायकल गेली. साहेब कुंपणाशी उभे राहिले आणि कुमकेची वाट पाहू लागले.

कुमक आलीही. प्रथम वीस स्वारांची एक फौज रंगीबेरंगी कपड्यांत भरधाव आली, आणि म्होरक्याने हात वर करोन पुसले, "यू ऑल राइट, मेट?" साहेब हसोन म्हणाले, "फाइन, फाइन, थँक यू!" आणि फौज वळणाआड गेलीसुद्धा. साहेब थक्क जाहले. झिराडकरांचे घराण्यात कदीम शिरस्ता की कोणी काही देऊ केले तर दोन वेळ नको म्हणावे, समोरच्याने आग्रह करावा, आणि तिसऱ्या वेळेस मोठ्या नाइलाजाने घ्यावे. इंग्रज बहाद्दर एकदाच विचारतो आणि दिलेल्या जबाबावर विश्वास ठेवतो, हे बत्तीस वर्षे या मुलुखात काढोनही साहेबांचे अंगवळणी पडले नव्हते. मग एक नवराबायको जोडसायकलीवरून आली. त्यांनी पुसले, साहेब नको म्हणाले, बाई म्हणाली, "शुअर?" साहेबांचा जीव सुपाएवढा जाहला, शिरस्त्याप्रमाणे दुसरा नकार दिला, आणि आता तिसरा आग्रह येणार म्हणोन हात पुढे करणार, तो जोडपे गेले. मग ट्रॅक्टर आला. शेतकऱ्याने भुवई उंचावली. साहेबांनी सर्व ठीक म्हणोन अंगठा वर केला.

तीन वाजावयास आले. रस्ता सुना पडला, गुडघा ठणकू लागला, आणि साहेबांस भय वाटले. मोठ्या माणसास वाटते तैसे नव्हे, जत्रेत चुकलेल्या पोरास वाटते तैसे. ती नोव्हेंबरातील भिंत आठवली. तेव्हाही विचारणारे भले लोक होते आणि आपणच एकेकास वाटेस लाविले, हे ध्यानी आले, आणि अदीनाबाईंचे दुसरे वाक्य, जे ऐकिलेच नव्हते, ते आता स्वच्छ ऐकू आले.

इतक्यात जुन्या सायकलीवर, पुढे टोपली लावोन, पंचाहत्तरीची एक गोरी म्हातारी आली. नाव बेरिल. तिने पाय टेकविला आणि पुसले, "नीड अ हँड, लव्ह?" साहेबांचे जिभेवर "नो नो" येऊन उभे राहिले. त्यास साहेबांनी गिळिले. आणि मग डोळे मिटोन ऐसे काही "येस! येस, प्लीज!" ओरडले की कुरणातील मेंढरांनी माना वर केल्या. बेरिलबाईंनी टोपलीतून पंप आणि ठिगळांची डबी काढिली, वीस मिनिटांत चाक उभे केले, आणि साहेबांनी हलवा पुढे केला. बाई नको म्हणाल्या. साहेबांनी तीन वेळ आग्रह केला. चार वड्या खाऊन पाचवी बाईंनी रुमालात बांधोन घेतली.

मग साहेब जे निघाले ते चढण म्हणाले नाहीत की उतार म्हणाले नाहीत. तरी एजवेअरास पोहोचेतो चार वाजोन पंचवीस मिनिटे जाहली. वाटेत बनाव तयार केला होता की चहास थांबलो, कप मोठा होता. दारात अदीनाबाई मोटारीची किल्ली हाती घेऊन उभ्या, चेहरा पांढरा.

"डॅडी! व्हॉट हॅपन्ड? तू ओके आहेस ना?"

साहेबांनी चहाचे नाव काढावयास तोंड उघडिले, आणि निघाले ते भलतेच. "पंक्चर झालं. पंप मुद्दामच घेतला नव्हता. तिघांना मी नको म्हटलं, अदीना. फार घाबरलो. मग चौथीला हो म्हटलं."

"फर्स्ट टाइम विचारला तेव्हाच?"

"पहिल्या फटक्यात."

बाईंनी बापाचा वंगणाने काळा जाहलेला हात दोन्ही हातांत धरिला, आणि किल्ली आत नेऊन खुंटीस टांगिली.

मग त्याच सायंकाळी हुकूम जाहला की सायकल साहेबांकडेच बहाल राहील. मौजे एजवेअर येथे, सर्वांसमक्ष, फत्ते नोंदविली ती येणेप्रमाणे: फेरा पुरा, वेळ हुकली, सायकल राहिली, आणि जेवतेवेळी आपला गुडघा फार दुखतो आहे, हे साहेबांनी कोणी न विचारता सांगितले.