एक नकार द्या हो

पेण येथील ‘श्वासानंद’ कंपनीच्या शाखेतून विक्री प्रतिनिधी धनेश याने राजीनामा दिला, ही बाब तशी किरकोळ होती. घरातली हवा शुद्ध करणारं यंत्र विकणं हे त्याचं काम. खाडीवरचा वारा ज्यांच्या घरात शिरून ताटातली पोळी उडवून नेतो, त्या लोकांना तो दोन वर्षं हवा विकत होता. आता त्याला रोह्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. ठरलेली शिफ्ट, ठरलेला पगार, आणि रोज सकाळी टाळ्या पिटत ‘मी विजेता आहे’ असं ओरडायची सक्ती नाही. अट एकच होती. सोमवारी रिलीव्हिंग लेटर घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

शाखाप्रमुखांचं नाव आदेश. आईवडिलांना दूरदृष्टी होती म्हणायची. आदेश सरांनी राजीनामा बाजूला ठेवला आणि मोबाइलवर कंपनीचं ॲप उघडलं.

“धनेश, तुझे कस्टमर ओपन आहेत.”

नियम असा होता: ग्राहकाची नोंद दोनच प्रकारे बंद होते. विक्री झाली तर, किंवा ग्राहकाने स्पष्ट नकार दिला तर. मधल्या अवस्थेतला ग्राहक सोडून कर्मचाऱ्याने जाऊ नये, त्याने ग्राहकाचा श्वास गुदमरतो, असं धोरणात छापलं होतं. आणि धनेशचे झाडून सगळे ग्राहक मधल्या अवस्थेत होते. कारण पेणपासून रोह्यापर्यंत त्याला दोन वर्षं एकच उत्तर मिळालं होतं: “बघू.”

आता ‘बघू’ म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ॲप बनवणारे लोक लांबचे. त्यांनी त्याचा अर्थ ‘ग्राहक यंत्र पाहण्यास उत्सुक’ असा लावला. त्यामुळे राज्यातली सर्वात उत्सुक जनता धनेशच्या हद्दीत राहते असं सिद्ध झालं होतं, आणि त्याबद्दल त्याला शालही मिळाली होती.

“मग आता काय करू, सर?”

“सिंपल. प्रत्येकाचा नकार आण. त्याच्या तोंडून, रेकॉर्ड करून.”

धनेश आधी कासू गावाला गेला. हिरामणकाका मिठागरावर होते.

“काका, मशीन पायजे का?”

“बघू रं.”

“बघू नको. सरळ नाय म्हणा.”

“आरं, दारात आलेल्या मानसाला तोंडावर नाय कसा म्हनायचा? आमच्या घरान्यात कुनी म्हनला नाय.”

“आत्ता म्हणलात ना, तसंच मशीनला म्हणा!”

“मशीनचा बघू.”

जिते गावच्या सीतामावशींनी तर आपण होऊन सांगितलं, “लेकरा, मला नाय पायजे तुजी ती पेटी.” धनेशला गहिवरून आलं. त्याने घाईघाईने फोन काढला आणि म्हणाला, मावशी, परत बोला. रेकॉर्डिंग आहे म्हटल्यावर मावशींनी पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि गोड हसून म्हणाल्या, “बघू हो, नक्की बघू.”

मग त्याने दुसरा मार्ग धरला. रोह्यात जितेश मास्तरांना त्याने तोंडावर सांगितलं की यंत्र भिकार आहे, आवाज करतं, बिघडलं तर दुरुस्तीला कुत्रंही येत नाही. मास्तरांचे डोळे पाणावले. “खरं बोलणारा सेल्समन पहिल्यांदा पाहिला. दोन द्या.” पुढच्या घरी धनेशने हात जोडले, “साहेब, पाया पडतो, एकदा नाय म्हणा.” त्यांना दया आली, त्यांनीही घेतलं. ही दया रोगासारखी पसरली. ज्याच्यापुढे रडावं तो यंत्र घेई. दोन वर्षांत जे झालं नव्हतं ते आठवड्यात झालं, आणि धनेश राज्यात पहिला आला.

मुख्य कार्यालयाने तातडीने परिपत्रक काढलं. यापुढे सर्व प्रतिनिधींनी ग्राहकाच्या दारात ‘धनेश पद्धती’ने नकाराची याचना करावी. ज्यांना रडू येत नाही त्यांच्यासाठी पुण्यात निवासी प्रशिक्षण.

“असला माणूस मी सोडू?” आदेश सर म्हणाले. “अरे, तू आता ब्रँड आहेस!”

“सर, बायकोनं शिफ्टचा डबा आणून ठेवलाय,” धनेश म्हणाला. “मला नाय व्हायचं ब्रँड. मला घरी जेवायला जायचंय. सोमवार चुकला तर परत कोण घेनार मला?”

आदेश सर उठले. दार लोटून घेत हळू आवाजात म्हणाले, “मी तीन वर्षांपूर्वी दिलाय राजीनामा. वरचे म्हणतात, बघू.”

त्यांनी ॲप पुन्हा उघडलं. विकून विकून धनेशचा एकच ग्राहक उरला होता, वरसे गावातल्या नव्या बिल्डिंगमधला. सरांनी पत्र छापलं, सही केली आणि धनेशच्या हातात दिलं. “तारीख टाकलेली नाही. त्या एकाचा नकार आला की ॲप तारीख देईल. पळ.”

तो एक म्हणजे तुम्ही. उगाच मागे वळून पाहू नका, नाव तुमचंच आहे. दार अर्धं उघडून, हातात चहाचा कप घेऊन तुम्हीच म्हणाला होतात, “बघू, एखाद्या रविवारी या.”

आज रविवार. संध्याकाळी धनेशने तुमची बेल वाजवली. खिशात पत्र, हातात चालू रेकॉर्डिंग. त्याला तुमचे पैसे नको होते, चहा नको होता. त्याला फक्त दोन अक्षरं हवी होती.

तुम्ही दाराच्या भोकातून त्याला पाहिलंत. तुम्ही सभ्य माणूस. कुणाचं मन मोडणं तुमच्या जिवावर येतं. तुम्ही टीव्हीचा आवाज बारीक केलात आणि मुलीच्या कानात सांगितलंत, “जा, त्यांना सांग, पप्पा घरात नाहीत.”

मुलीने दारात जाऊन तसंच सांगितलं. ॲपने ते शब्द नीट ऐकले आणि पुढची भेट ठरवून टाकली: सोमवार, सकाळी.