तानाबाई गावडे, बी.ए. भाग एक

तानाबाई गावडे माझ्या खोलीत राहायला आल्या आणि सामान लावायच्या आधी त्यांनी सभा बोलावली.

सभेला आम्ही दोघीच. मी पलंगावर, त्या तांदळाच्या चुंगडीवर, म्हणजे पोत्यावर. पिशवीतून त्यांनी दोनशे पानी वही काढली, वर तारीख टाकली आणि मला म्हणाल्या, "तुह्यं पूर्ण नाव सांग. हजेरी लिहून राह्यली."

मी नाव सांगितलं. वैशाली, राहणार वडसा. मग म्हटलं, "आजी, तुमची नात कधी येणार?"

घरमालकीण म्हणाली होती, तुझी रूममेट आज येते, तुझ्याच वर्गातली आहे. तेव्हा माझ्या हिशेबानं या बाई पोहोचवायला आलेल्या आजी होत्या.

"कोनती नात?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मीच हावो तुही रूममेट. बी.ए. भाग एक. राज्यशास्त्र. अन् आजी मी घरी. इथी आपन एका वर्गातल्या."

मी एकोणीस वर्षांची होते. त्या छप्पन्न. मला धक्का ओसरायलाही वेळ मिळाला नाही, कारण तेवढ्यात विषय क्रमांक एक पुकारला गेला होता : खिडकीजवळचा पलंग कोणाचा. सूचक तानाबाई, अनुमोदक मी. पलंग मला मिळाला. बाईंनी ठराव लिहिला, मला वाचायला लावला, आणि शेवटच्या शब्दाला चिकटून, कागद फाटेल इतक्या जोरानं एक आडवी रेघ ओढली. रेघेला टेकून सही केली.

"रेघ कशाला?"

"खाली जागा राह्यली नाई पायजे," त्या म्हणाल्या. "जागा राह्यली का तिथी कोनी बी येऊन बसते."

मी राज्यशास्त्र घेतलं होतं ते स्पर्धा परीक्षेला सोपं जातं म्हणून. वर्गातल्या सगळ्यांनीच त्याच कारणासाठी घेतलेलं. पहिल्या दिवशी तानाबाई वर्गात शिरल्या तेव्हा आम्ही सगळे उभे राहिलो आणि एका सुरात "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणालो. बाईंनी आमच्याकडे बघितलं, "बसा बसा" म्हणाल्या आणि तिसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. मागून आलेल्या बोरकर सरांनी ते पाहिलं. सर दारातच थांबले. आपण दुसऱ्याच वर्गात आलो की काय म्हणून त्यांनी पाटी पाहिली.

बोरकर सर सज्जन माणूस. पिवळ्या पडलेल्या नोट्स काढत आणि गेली वीस वर्षं जे सांगत आले तेच सांगत. राज्याचे घटक चार : लोकसंख्या, भूप्रदेश, शासन, सार्वभौमत्व. आम्ही उतरवून घेत होतो. तानाबाईंनी हात वर केला.

"सर, सरपंच यातल्या कोनत्या घटकात येते?"

"शासन," सर म्हणाले.

"मंग मी पाच वर्षं शासन होती," बाई म्हणाल्या. "मले कोनी सांगतलंच नाई."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि रेघ ओढली.

त्या खरंच सरपंच होत्या. धानोऱ्याच्या पुढं, पक्की सडक संपते तिथून पाच किलोमीटर आत त्यांचं गाव. आरक्षण निघालं आणि सातवी शिकलेल्या तानाबाई खुर्चीवर बसल्या. म्हणजे खुर्चीवर त्यांचे मालक बसत, बाई घरी. पाच वर्षं संपल्यावर त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली. मग बारावी, तीही इंग्रजीत एकदा आपटी खाऊन. सरांनी एकदा फार आपुलकीनं विचारलं, "बाई, मुक्त विद्यापीठातून घरी बसून करता आलं असतं हो. कशाला एवढा त्रास?"

"घरी बसूनच सरपंच होती सर," बाई म्हणाल्या. "आता घरी बसून काईच करत नाई मी."

त्यांच्यासोबत राहणं सोपं नव्हतं. गॅस सिलिंडरपासून झाडूच्या पाळीपर्यंत सगळ्याचे ठराव. कॉलेजच्या कार्यालयात एक फॉर्म भरायला दिला की बाई तो तिथंच उभ्या राहून पूर्ण वाचत, मागची बारीक अक्षरंसुद्धा. मागं रांग लागे. बाबू म्हणे, "बाई, सगळे असेच सही करतात." बाई म्हणत, "मालूम हाये. म्हनूनच वाचून राह्यली."

एकदा वर्गानं चाचणी पुढं ढकलायची मागणी केली. सर नाही म्हणाले. तानाबाई उठल्या. "सर, वर्ग मोठा हाये. मत घ्याले पायजे." सर आधी चिडले, मग विषयच लोकशाहीचा चालू असल्यामुळं अडकले. हात वर करून मतदान झालं. चाचणी पुढं ढकलण्याच्या बाजूनं अख्खा वर्ग, विरोधात एक. तो एक हात तानाबाईंचा होता.

आम्ही सगळे वळून त्यांच्याकडे बघत राहिलो.

"मत घ्या म्हनलं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पुढं ढकला कुठी म्हनलं? माहा अभ्यास झाला हाये."

दर पंधरा दिवसांनी त्यांचे मालक, सोमाजीभाऊ, एसटीनं येत. उंच, वाळकेसे, पांढरे कपडे, कमी बोलणं. तांदूळ, चिंच, कधी बांबूचे कोवळे कोंब घेऊन येत आणि दारातल्या पायरीवर बसत. घरी ते दोघं गोंडीत बोलायचे, पण मी समोर असले की मराठीत, मला परकं वाटू नये म्हणून. भाऊ आले की बाई सभा लावत. इतिवृत्तात लिहीत : "सोमाजी गावडे, निमंत्रित. बोलू शकतात, मत नाही."

"भाऊंना मत का नाही?" मी एकदा विचारलं.

"खोलीत राह्यत नाई म्हनून," बाई म्हणाल्या. मग भाऊंकडे बघत, "अन् सवय व्हाले पायजे म्हनून."

भाऊ पायरीवरून नुसते हसले. मला ते हसणं आवडलं नाही. पाच वर्षं बायकोची खुर्ची वापरली आणि आता हसतात, असं मला वाटलं. एकोणीस वर्षांच्या वयात माणसांबद्दल पक्की मतं फार लवकर होतात.

दुसऱ्या वर्षी माहितीचा अधिकार अभ्यासाला आला. सरांनी अर्जाचा नमुना फळ्यावर लिहिला. आम्ही परीक्षेसाठी उतरवला. बाईंनी तो उतरवला, त्यात आपल्या ग्रामपंचायतीचं आणि खाली स्वतःचं नाव घातलं आणि दुपारी पोस्टात जाऊन खरोखर पाठवून दिला.

महिन्याभरानं जाड पाकीट आलं. आत त्यांच्याच कारकिर्दीतल्या एका ग्रामसभेच्या ठरावाची प्रत होती. बाईंनी ती मला दिली. "तू वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. गावातल्या शाळेत पटसंख्या कमी असल्यानं ती शाळा बंद करून दुसऱ्या गावच्या शाळेला जोडण्यास ग्रामसभेची काहीही हरकत नाही. सर्वानुमते मंजूर. सूचक, तानाबाई सोमाजी गावडे. खाली सही. त्यांचीच, गोल गोल अक्षरांची.

त्या दिवशी पहिल्यांदा बाई मला सगळं बोलल्या. ग्रामसेवक घरी रजिस्टर घेऊन यायचा. पानं बरीच कोरी असायची. "नंतर लिहितो," म्हणायचा. मालक पान हातात घ्यायचे, वरून खाली नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "ठीक हाये. कर सही." गावात भाऊंना शिकलेला माणूस म्हणत. बाई सही करायच्या. एका जूनमध्ये गुरुजी आलेच नाहीत. चौकशीला गेलेल्या लोकांना तालुक्याला सांगितलं, तुमच्याच गावानं लिहून दिलंय. आता सहा-सात वर्षांची लेकरं नाला ओलांडून चार किलोमीटर जात. पावसाळ्यात जातच नसत. काही आश्रमशाळेत टाकली, ती दिवाळीलाच घरी दिसत. काही बकऱ्यांमागं.

"गावातलं कोनी मले बोललं नाई," बाई म्हणाल्या. "बोलले असते तं बरं झालं असतं."

मी पुन्हा कागद बघितला. "बाई, अनुमोदक मानकू पदा कोण?"

बाईंनी माझ्या हातून कागद ओढून घेतला. त्यांचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. "मानकूभाऊ?" त्या म्हणाल्या. "वैशाले, ह्या ठरावाच्या दोन वर्षं आधी मानकूभाऊ मेला होता. माह्या घरासमोरून नेला त्याले."

मी राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी, पण मेलेला माणूस शाळा बंद करायला हात वर करतो हे कोणत्याही नोट्समध्ये नव्हतं.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला बाई मला घेऊन गेल्या. शाळेसमोरच्या आंब्याखाली सत्तर-ऐंशी माणसं बसली होती. शाळेच्या खोलीला कुलूप, खिडकीतून धानाची पोती दिसत होती. मी मनातून तयार होते. आज सगळं बाहेर येणार, सही करायला लावणाऱ्याचं नाव गावासमोर घेतलं जाणार. भाऊ झाडाला टेकून उभे होते. मला त्यांची जराही दया येत नव्हती.

झेंडा झाला, नवा ग्रामसेवक विषय वाचायला लागला, आणि बाई उठल्या. त्यांनी ठरावाची प्रत अक्षर न चुकता वाचून दाखवली. मानकू पदा हे नाव आलं तशी एक म्हातारी तोंडावर पदर घेऊन ओरडली, "माहा मानूस? थो तं मेला होता!" ती मानकूची बायको होती. मग सगळे एकदमच बोलायला लागले.

एका तरुण माणसानं उठून विचारलं, "बाई, मानकूचं राहू द्या. तुमची सही तं तुमचीच हाये ना? तुमाले सही करा म्हनून कोनं सांगतलं?"

सगळ्यांच्या माना झाडाकडे वळल्या. सगळ्यांना माहीत होतं. भाऊ झाडापासून दूर झाले, त्यांनी तोंड उघडलं.

"कोनी नाई सांगतलं," तानाबाई म्हणाल्या. आवाज भाऊंच्या आधी पोहोचला. "सही माही हाये. न वाचता केली. चूक माही एकटीची हाये. आज गावासमोर सांगून राह्यली. आता मानकूभाऊची सही कोनं केली, ते सरकारले शोधू द्या."

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. भाऊ तोंड तसंच उघडं ठेवून उभे होते.

जुना ठराव रद्द झाला. शाळा पुन्हा उघडावी, असा नवा ठराव झाला. ग्रामसेवकानं लिहिला, बाईंनी दोनदा वाचला, पेन मागून घेतलं आणि रेघ ओढली. पुढं जिल्ह्याला खेटे झाले, चौकशी झाली. दीड वर्षानं जूनमध्ये एक गुरुजी आले. अकरा पोरं होती. तेव्हा बाई बी.ए. होऊन बसल्या होत्या, दुसऱ्या श्रेणीत. पोती बाहेर काढायला त्याच सगळ्यांच्या पुढं होत्या.

पण मला सांगायचंय ते त्या सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळचं. पुढचं मी सोमाजीभाऊंना विचारूनच लिहिते आहे.

आम्ही त्यांच्या अंगणात बसलो होतो. भाऊ विहिरीवर पाण्याला गेले होते. मी रागातच होते. म्हटलं, "बाई, तुम्ही खोटं बोललात. भरसभेत. सांगायचं होतं ना, भाऊंनी वाचलं आणि सही कर म्हणाले म्हणून!"

बाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

"त्याले वाचता येत नाई," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"एक बी अक्षर येत नाई. कधीच येत नोतं. लहानपनी बापासंग बाजारात जाऊन हिसाब शिकला, चार मानसांत उठबस होती, लोकायनं ठरवून टाकलं का याले येते. त्यानं नाई कधी म्हनलं नाई. मले बी लग्नाले तीस वर्षं होऊन मालूम नोतं." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "माही दहावी चालू होती. एक शब्द अडला. पुस्तक घेऊन गेली, म्हनलं, हे काय हाये सांगा. त्यानं पान पाह्यलं. मंग उठला अन् म्हने, बैलाले पानी पाजाचं राह्यलं. अन् गेला. बैल विकून आमाले दोन वर्षं झाले होते."

त्यांनी तांदळाची दुसरी ओंजळ पुढं ओढली.

"तिथी त्याले उभं करून मी गावाले काय सांगू? मी त्याच्या भरोशावर सही करे. तो ग्रामसेवकाच्या भरोशावर मान हलवे. शरम त्याले बी, मले बी. माही आज गेली. त्याची काऊन काढू?"

भाऊ पाण्याची घागर घेऊन आले, ठेवली आणि आमच्याकडे न बघता ओट्याच्या कडेला बसले. मग बाईंनी हात पुसले आणि नव्या ठरावाची प्रत काढली.

"पुन्हा एक डाव वाचून पाहू. चूक नाई राह्यली पायजे," त्या म्हणाल्या, आणि कागद घेऊन भाऊंच्या शेजारी जाऊन बसल्या.

दीड वर्ष मी त्यांच्यासोबत राहिले होते. बाई मनातल्या मनात वाचत, भराभर. आज त्या मोठ्यानं वाचत होत्या, एकेक शब्द सुटा करून, प्रत्येक शब्दाखाली बोट धरून. पहिल्या ओळीच्या शेवटी गेल्या की पुन्हा सुरुवातीला येत. भाऊ कागदाकडे बघत नव्हते, बोटाकडे बघत होते.

एका शब्दाखाली बोट थांबलं. बाईंनी तो वाचला नाही. बोटही उचललं नाही.

अंगणात कोंबड्या परतत होत्या. भाऊ जरा पुढं वाकले.

"शाळा?" ते हळू म्हणाले.

"हो," तानाबाई म्हणाल्या. मान वर न करता त्यांनी बोट पुढच्या शब्दाखाली नेलं.